गाडीसाठी अ‍ॅम्प आणि स्पीकर निवडताना: सोलापूरकरांकडून वारंवार येणारे प्रश्न

गाडीत म्युझिक सिस्टिम बसवून घेण्याआधी, आणि बऱ्याचदा बसवून झाल्यावर, सोलापूर आणि आसपासचे लोक जे प्रश्न पुन्हा पुन्हा पाठवतात, ते इथे एकत्र केले आहेत. पहिले काही प्रश्न नव्याने खर्च करणाऱ्यांचे आहेत. पुढे ओहम, गेन, सीएनजी, वॉरंटी अशा अडचणीच्या जागा येतात. बहुतेकांचे पैसे वॅटच्या आकड्यावर संपतात आणि वायर, दार, सेटिंग यांसाठी काही उरत नाही. हा क्रम उलटा व्हावा असे मला मनापासून वाटते. ब्रँडची नावे मुद्दाम घेतलेली नाहीत, कारण एकाच ब्रँडचे एक मॉडेल उत्तम आणि दुसरे सुमार असू शकते.

१. नवीन हॅचबॅक घेतली. कंपनीच्या स्पीकरचा आवाज अगदीच फिका आहे. आधी काय बदलू: स्टिरिओ, स्पीकर की अ‍ॅम्प?

पुढच्या दारांतले स्पीकर. कंपनीकडून येणारे स्पीकर बहुधा हलक्या कागदी कोनाचे (कोन म्हणजे स्पीकरची पुढे-मागे हलणारी शंकूसारखी वाटी) आणि लहान चुंबकाचे असतात, आणि चालवणाऱ्याच्या कानावर येणारा बहुतेक आवाज पुढच्याच दारांतून येतो. ते बदलताना दाराचे पॅनेल उघडलेलेच असते, तेव्हाच डॅम्पिंगही, म्हणजे पत्र्याची थरथर थांबवणारी शीट लावण्याचे काम, करून घ्या (प्रश्न ४). त्यानंतर चार चॅनेलचा अ‍ॅम्प (स्टिरिओचा सिग्नल ताकदवान करून चार स्पीकरांना पुरवणारे यंत्र), मग वूफर (खालच्या स्वरांचा, म्हणजे बेसचा मोठा स्पीकर). स्टिरिओ सर्वांत शेवटी, तोही खरी गरज असेल तर.

दुकानात बरेचदा याच्या उलट सुचवले जाते: आधी मोठी अँड्रॉइड स्क्रीन, मग डिकीत वूफर, आणि दारात मात्र तेच जुने स्पीकर. अशा गाडीत बेस धडधडतो आणि गाण्याचे शब्द कळत नाहीत. काम टप्प्याटप्प्याने करायला काहीच हरकत नाही. फक्त बॅटरीपासूनची वायर पहिल्याच वेळी पुढचा विचार करून जाड टाका.

२. अ‍ॅम्पच्या खोक्यावर १२०० वॅट लिहिलंय आणि किंमत दोन-अडीच हजार. खरं मानायचं का?

मानू नका. खोक्यावर मोठ्या अक्षरात छापलेला आकडा ‘पीक’ किंवा ‘मॅक्स’ असतो आणि त्याला कसलेही बंधन नसते. बघायचा तो आरएमएस आकडा, म्हणजे अ‍ॅम्प सतत देऊ शकेल अशी ताकद. तोही किती व्होल्टला, किती ओहमला (ओहम म्हणजे स्पीकरकडून विजेला होणारा विरोध) आणि किती विकृतीसह मोजला, ते लिहिलेले असावे. सीईए-२००६ या मानकानुसार मोजलेला आकडा १४.४ व्होल्ट, ४ ओहम आणि जास्तीत जास्त १ टक्का विकृती या अटींवरचा असतो, म्हणून दोन अ‍ॅम्पची तुलना त्यावरून करता येते.

असे काहीच छापलेले नसेल तर अ‍ॅम्पच्या अंगावरचा फ्यूज बघा. समजा २० अँपिअरचा एकच फ्यूज आहे. २० गुणिले १४ व्होल्ट म्हणजे २८० वॅट, एवढीच वीज सतत आत जाऊ शकते. क्लास एबी या अ‍ॅम्पच्या प्रकारात (प्रश्न ८) तिच्यातली साधारण निम्मी बाहेर येते. म्हणजे खोक्यावरचे १२०० प्रत्यक्षात १४०–१५० च्या आसपास. हा हिशेब दुकानात उभ्या उभ्या मोबाइलवर करता येतो आणि तो करावाच.

३. माझ्या स्टिरिओवर ‘५० गुणिले ४’ लिहिलंय. म्हणजे दोनशे वॅट झाले. मग वेगळा अ‍ॅम्प कशाला?

स्टिरिओच्या आतल्या अ‍ॅम्पला गाडीचे १४.४ व्होल्टच मिळतात. त्या व्होल्टवर ४ ओहमच्या स्पीकरला, काहीही वाया गेले नाही असे धरले तरी, स्वच्छ लहरीचे २६ वॅटच्या आसपासच निघू शकतात. प्रत्यक्षात प्रत्येक चॅनेलला १८ ते २० मिळतात. ५० हा आकडा लहर पूर्ण चपटी होईपर्यंत व्हॉल्यूम ताणल्यावरचा आहे, आणि तेव्हा जे ऐकू येते त्याला संगीत म्हणवत नाही.

तरीही, जुळे सोलापूर ते सात रस्ता एवढीच तुमची रोजची रपेट असेल आणि आवाज बेताचा लागत असेल, तर अ‍ॅम्पवाचून चालू शकते. मग स्पीकर निवडताना सेन्सिटिव्हिटी बघा. ८७ डेसिबलच्या स्पीकरला जो आवाज काढायला २० वॅट लागतात, तो ९० डेसिबलच्या स्पीकरला १० वॅटमध्ये जमतो. दर ३ डेसिबलला वॅट निम्मे होतात, म्हणून अ‍ॅम्प नसलेल्या गाडीत ९० च्या पुढचा स्पीकर घ्यावा. एकच सावधगिरी: काही कंपन्या हा आकडा १ वॅटला देतात, काही २.८३ व्होल्टला. २ किंवा ३ ओहमच्या स्पीकरचा दुसऱ्या पद्धतीचा आकडा फुगलेला दिसतो.

४. दाराचं डॅम्पिंग खरंच लागतं की नुसता खर्च वाढवायचा धंदा आहे?

लागते. स्पीकरचा कोन पुढे ढकलतो तेवढीच हवा मागेही ढकलतो. मागची लहर दाराच्या भोकांतून पुढे येऊन पुढच्या लहरीला खाते आणि पहिला बळी बेसचा जातो. शिवाय दाराचा पातळ पत्रा थरथरतो. म्हणून बाहेरच्या पत्र्याला आतून शीट, आतल्या पत्र्याची मोठी भोके बंद आणि स्पीकरखाली पक्की रिंग, एवढे तरी करून घ्या. दाराच्या तळाशी पाणी निघून जाण्याची भोके मात्र बंद होता कामा नयेत, नाहीतर पहिल्या पावसाळ्यात गंज सुरू होतो.

सोलापूरसाठी खास सांगणे: शीट ब्यूटाइल रबराचीच घ्या. स्वस्त शीट डांबराच्या असतात. एप्रिल-मे महिन्यांत इथे पारा ४३–४४ अंशांपर्यंत चढतो आणि उन्हात उभ्या गाडीच्या पत्र्याला त्याहून कितीतरी जास्त चटका असतो. डांबरी शीट तिथे मऊ पडते, घसरते आणि गाडीभर वास सुटतो. त्याच कारणाने स्पीकरच्या कोनाची कड फोमऐवजी रबराची बघा, कारण फोम उष्णतेने लवकर चुरतो.

५. कोअ‍ॅक्सियल घेऊ की कंपोनंट? आणि मागे सहा-नऊचे ओव्हल टाकायचे का?

पुढे कंपोनंट, मागे कोअ‍ॅक्सियल किंवा जुनेच राहू द्या. कोअ‍ॅक्सियलमध्ये ट्वीटर (तीव्र स्वरांचा छोटा स्पीकर) मोठ्या स्पीकरच्या मध्येच बसवलेला असतो. कंपोनंटमध्ये तो वेगळा असल्याने आरशाच्या त्रिकोणात किंवा डॅशबोर्डवर कानाच्या उंचीला बसवता येतो आणि आवाज पायाशी न राहता समोरून येतो. बजेट कमी असेल तर चांगला कोअ‍ॅक्सियल हा सुमार कंपोनंटपेक्षा केव्हाही बरा. मापाच्या बाबतीत, बहुतेक गाड्यांच्या पुढच्या दारात साडेसहा इंची बसतो, पण काच पूर्ण खाली घेऊन मागचे चुंबक तिला लागत नाही ना, हे आधी मोजा. ओव्हल स्पीकर सेडानच्या पार्सल ट्रेवर ठीक आहेत. हॅचबॅकच्या हलत्या ट्रेवर ते खडखडतात.

६. ६० वॅट आरएमएसच्या स्पीकरला किती वॅटचा अ‍ॅम्प जोडू? जास्त झाला तर स्पीकर जळेल ना?

साठ ते ऐंशीचा जोडा. स्पीकर जळतात ते बहुतेक वेळा अ‍ॅम्प मोठा आहे म्हणून नव्हे, तर लहान अ‍ॅम्पला टोकापर्यंत ताणल्यामुळे. ताणलेल्या अ‍ॅम्पची लहर वरून-खालून कापली जाते, त्यातून तीव्र स्वरांचा भरणा वाढतो आणि नाजूक ट्वीटर आधी जातो. लहान अ‍ॅम्प आपल्या मर्यादेत चालवला तर काही बिघडत नाही. थोडा मोठा अ‍ॅम्प, बेताचा गेन (प्रश्न १३) आणि ८० हर्ट्झचा हाय-पास फिल्टर (त्याखालचे स्वर अडवणारा) अशी मांडणी असेल तर स्पीकर वर्षानुवर्षे टिकतात.

वॅट दुप्पट केले की आवाज फक्त ३ डेसिबलने वाढतो, तो कानाला जेमतेम जाणवतो. दुप्पट मोठा वाटायला साधारण दहापट वॅट लागतात. म्हणून ६० च्या जागी ७५ वॅटसाठी दोन हजार जास्त घालवण्यापेक्षा ते दारावर खर्च करा.

७. दादा, ड्युअल कॉइलचा वूफर घेतलाय. ४ ओहम, २ ओहम, काहीच कळंना. कसा जोडू?

ड्युअल कॉइल म्हणजे एकाच वूफरला दोन कॉइल. दोन्ही ४ ओहमच्या असतील तर समांतर जोडून २ ओहम आणि एकामागे एक जोडून ८ ओहम मिळतात. दोन्ही २ ओहमच्या असतील तर समांतर १, एकामागे एक ४. बाकी कोणताही आकडा जमत नाही. त्यामुळे अ‍ॅम्प किती ओहमपर्यंत स्थिर आहे हे आधी वाचा आणि मगच वूफर घ्या. २ ओहमपर्यंतच्या मोनो (एकाच चॅनेलच्या) अ‍ॅम्पला १ ओहमचा भार दिला की तो तापून बंद पडतो किंवा कायमचा जातो.

सर्वांत फसवी जागा ब्रिजिंगची. दोन चॅनेल ब्रिज केले, म्हणजे एकत्र करून एकाच स्पीकरला जोडले, की प्रत्येक चॅनेलला भार निम्मा दिसतो. दोन्ही चॅनेल वेगवेगळे वापरताना २ ओहमपर्यंत चालणारा अ‍ॅम्प ब्रिज केल्यावर ४ ओहमच्या खाली नेता येत नाही. आणि दोन कॉइलपैकी एकच जोडून दुसरी मोकळी सोडायची, असे कुणी सुचवले तर नको म्हणा.

८. क्लास डी घेऊ की एबी? आणि सीटखाली ठेवला तर तापणार नाही का?

इथल्या हवेत मी क्लास डी सुचवतो. एबी प्रकार आत आलेल्या विजेपैकी साधारण निम्मी उष्णतेत घालवतो. क्लास डी ८० टक्क्यांच्या आसपास वीज स्पीकरपर्यंत पोचवतो, आकारानेही लहान असतो. पूर्वीचे क्लास डी फक्त वूफरसाठी बरे होते. आताचे फुल-रेंज चांगले आहेत.

सीटखाली चालतो, पण एसीची मागच्या सीटकडे जाणारी नळी, गालिचा आणि अ‍ॅम्प यांच्यात मोकळी जागा हवी. गालिच्याखाली पुरून टाकलेला अ‍ॅम्प दुपारच्या पंढरपूर प्रवासात हमखास ‘प्रोटेक्ट’ला जातो, म्हणजे स्वतःला वाचवायला बंद पडतो. वूफरच्या बॉक्सलाच अ‍ॅम्प स्क्रूने ठोकण्याची पद्धतही टाळा. सततच्या हादऱ्याने आतले सांधे सैल होतात.

९. आम्ही भजन, अभंग, नाट्यगीतं ऐकतो. आम्हाला वूफर कशाला?

पखवाजाच्या धुमेसाठी आणि तबल्याच्या डग्ग्यासाठी. साडेसहा इंची दाराचा स्पीकर ८० हर्ट्झच्या खाली दमतो आणि डग्ग्याचा घुमारा नेमका त्या हद्दीवर आहे. शिवाय पुणे रस्त्यावर गाडी ८०–९० च्या वेगात असताना टायर आणि वाऱ्याची घरघर खालच्याच स्वरांना झाकते. गाडी उभी असताना भरलेला वाटणारा आवाज वेगात पोकळ होतो तो यामुळे.

तुमच्यासाठी १० इंची वूफर, बंद बॉक्समध्ये. बंद बॉक्सचा बेस घट्ट असतो, ठोका पडला की लगेच थांबतो. छिद्राचा म्हणजे पोर्टेड बॉक्स त्याच वॅटमध्ये जास्त मोठा वाजतो, पण जागा जास्त खातो आणि त्याचे माप चुकले तर एकाच स्वरावर घुमत राहतो. १० ऐवजी १२ इंची घेतला, तर त्याला बंद बॉक्स साधारण ३० लिटरचा पुरतो. नेमके माप वूफरच्या कागदावर असते. तयार बेसट्यूबमध्ये ते पाळलेले असेलच असे नाही. सुताराकडून करून घ्यायचा तर १८ मिलिमीटरचा एमडीएफ, आतून सगळे सांधे सीलबंद.

पारख करायला हलगी आणि तबला असलेले, तुम्हाला पाठ असलेले रेकॉर्डिंग लावा. हलगीचा ठोका कडक आणि तुटक ऐकू आला, तर दाराचे स्पीकर आणि वूफर नीट जुळले आहेत.

१०. डिकीत सीएनजीची टाकी आहे. वूफर बसेल का? धोका नाही ना?

सीटखाली बसणारा अ‍ॅक्टिव्ह वूफर घ्या. त्यात अ‍ॅम्प आतच असतो. ८ इंची चपट्या वूफरकडून छाती हादरण्याची अपेक्षा नको, पण प्रश्न ९ मधल्या गरजा तो भागवतो. टाकीच्या ब्रॅकेटला अर्थिंग घेऊ नका, टाकीला टेकवून किंवा तिच्या पट्ट्यांवर बॉक्स बांधू नका, पॉवरची वायर गॅसच्या नळीबरोबर बांधून नेऊ नका आणि टाकीचा व्हॉल्व्ह हाताला लागेल असा मोकळा ठेवा. बॅटरीजवळचा फ्यूज (प्रश्न ११) सगळ्याच गाड्यांत हवा. सीएनजीत तो नसलेली गाडी रस्त्यावर काढू नये.

११. वायरीत काय एवढं असतं? किटमध्ये मिळालेली चालेल ना?

बहुतेक स्वस्त किटमधली वायर तांब्याचा मुलामा दिलेल्या अ‍ॅल्युमिनियमची असते आणि तिच्यावर ४ गेज छापलेले असले तरी आतली तार त्यापेक्षा बारीक निघते. एक तार ब्लेडने खरवडा. आत लालसर निघाली तर तांबे, पांढरी निघाली तर अ‍ॅल्युमिनियम. अ‍ॅल्युमिनियमची वायर त्याच जाडीच्या तांब्याच्या सुमारे दोन-तृतीयांशच वीज वाहते. तीच घ्यायची असेल तर निदान एक माप जाड घ्या.

खऱ्या तांब्याची ८ गेज म्हणजे सुमारे ८ चौरस मिलिमीटर, ४ गेज म्हणजे सुमारे २१. प्रत्येकी ६० वॅटचे चार चॅनेल आणि २५० वॅटचा मोनो असे ४९० वॅट आरएमएस धरले, तर क्लास डी अ‍ॅम्प भर आवाजात ४५ अँपिअरच्या आसपास ओढतात. पाच मीटरच्या अंतराला त्यासाठी ४ गेज तांबे योग्य.

आता सर्वांत महत्त्वाचे. मुख्य फ्यूज बॅटरीपासून ४५ सेंटिमीटरच्या आत हवा. अ‍ॅम्पवरचा फ्यूज अ‍ॅम्पला वाचवतो. बॅटरीजवळचा फ्यूज गाडीला आणि माणसांना वाचवतो. बॉनेटमधून आत येताना वायर पत्र्याच्या कडेला घासून सोलली गेली, तर मध्ये दुसरे काहीच नसते. तिथे रबरी ग्रोमेट घाला. फ्यूज वायरच्या क्षमतेपेक्षा मोठा नसावा. उडतो म्हणून मोठा टाकणारा किंवा पान्याने शॉर्ट करणारा मेकॅनिक दिसला तर गाडी तिथून काढा.

अर्थिंगची वायर पॉवरच्या वायरइतकीच जाड, शक्यतो अर्ध्या मीटरच्या आत, रंग खरवडून उघड्या पत्र्याला, स्वतंत्र बोल्टने. सीटबेल्टच्या बोल्टला अर्थिंग कधीही घेऊ नका.

१२. बेस पडला की हेडलाइट मिचकावतात. मोठी बॅटरी टाकू की कपॅसिटर?

आधी अर्थिंग आणि बॅटरीचे टर्मिनल तपासा. निम्म्या गाड्यांत दोष तिथेच मिळतो. इंजिन चालू असताना वीज अल्टरनेटर देतो, बॅटरी नाही. त्यामुळे अल्टरनेटर कमी पडत असेल तर बॅटरी कितीही मोठी टाकली तरी तीही हळूहळू रिकामीच होते. कपॅसिटरमध्ये साठणारी वीज इतकी थोडी असते की लाइटचे मिचकावणे जेमतेम कमी होते, मूळ दुखणे तसेच राहते. लहान पेट्रोल हॅचबॅकमध्ये ५०० वॅट आरएमएसच्या आत राहा. इलेक्ट्रिक गाडीत १२ व्होल्टची बाजू डीसी-डीसी कन्व्हर्टरवर चालते, तिथे कंपनीची मर्यादा विचारल्याशिवाय काही जोडू नका, आणि नारिंगी आवरणाच्या वायरींना हात लावू नका.

१३. गेन किती ठेवायचा? दुकानदाराने फुल्ल करून दिलाय.

लगेच कमी करा. गेन हे व्हॉल्यूमचे बटण नाही. स्टिरिओकडून येणारा सिग्नल आणि अ‍ॅम्प यांचा मेळ घालण्यासाठी ते असते. साधा मल्टिमीटर असला की काम घरी होते. बेस बूस्ट आणि इक्वलायझर शून्यावर, स्पीकरच्या वायरी अ‍ॅम्पपासून सुटलेल्या, गेन तळाला. स्टिरिओचा व्हॉल्यूम तीन-चतुर्थांश करून शून्य डेसिबलचा टेस्ट टोन वाजवा: वूफरसाठी ५० हर्ट्झ, दारांसाठी १००० हर्ट्झ. मीटर एसी व्होल्टवर ठेवून अ‍ॅम्पच्या स्पीकर टर्मिनलला लावा आणि ठरलेला आकडा येईपर्यंत गेन सावकाश वाढवा.

आकडा काढायचा तो असा: वॅट गुणिले ओहम, त्याचे वर्गमूळ. ६० वॅट आणि ४ ओहमला १५.५ व्होल्ट. २५० वॅट आणि २ ओहमला २२.४ व्होल्ट. वॅट म्हणून अ‍ॅम्प आणि स्पीकर यांपैकी जो आरएमएस आकडा लहान, तो धरा. साधे मीटर १००० हर्ट्झला चुकते. तसे वाटले तर दारांच्या चॅनेलचा हाय-पास तात्पुरता बंद करून २०० हर्ट्झवर मोजा.

१४. अ‍ॅक्सिलरेटर दाबला की स्पीकरमधून कुंईऽऽ असा आवाज येतो.

इंजिनच्या फेऱ्यांबरोबर वरखाली होत असेल तर तो अल्टरनेटरचा आवाज आहे आणि कारण बहुधा अर्थिंग. अ‍ॅम्पचे आरसीए (स्टिरिओकडून सिग्नल आणणाऱ्या वायरी) काढून बघा. आवाज थांबला तर दोष स्टिरिओकडे किंवा आरसीए वायरीत, चालूच राहिला तर अ‍ॅम्पच्या अर्थिंगमध्ये. आरसीए एका बाजूने आणि पॉवर दुसऱ्या बाजूने न्यावी ती यासाठीच. बाजारातला नॉइज फिल्टर हा शेवटचा उपाय ठेवा, तो बेसही थोडा खातो.

१५. कंपनीची टच स्क्रीन काढायची नाही आणि वॉरंटीही जाऊ द्यायची नाही. तरी अ‍ॅम्प लागेल का?

लागेल. हाय-लेव्हल इनपुट असलेला अ‍ॅम्प घ्या, तो स्पीकरच्याच वायरीवरून सिग्नल घेतो. वायर तोडू न देता गाडीच्या मॉडेलचा कपलर वापरा. तोडलेली वायर दिसली की विजेच्या तक्रारीत सर्व्हिस सेंटर पहिले बोट तिच्याकडेच दाखवते. कंपनीच्या काही स्क्रीन आवाज वाढताच बेस आपोआप कमी करतात, तिथे डीएसपी (सिग्नल दुरुस्त करणारे डिजिटल यंत्र) लागतो. बिल जपून ठेवा आणि विमा नूतनीकरणावेळी सिस्टिमची किंमत इलेक्ट्रिकल अ‍ॅक्सेसरीजमध्ये नोंदवा, नाहीतर चोरीनंतर तिची भरपाई मिळत नाही.

१६. मोठ्याने वाजवलं तर पोलिस पकडतात का?

ध्वनी प्रदूषण नियम, २००० नुसार निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत ४५ डेसिबल ही मर्यादा आहे. रुग्णालये, शिक्षणसंस्था आणि न्यायालये यांच्याभोवतीचा किमान १०० मीटरचा परिसर शांतता क्षेत्र म्हणून जाहीर करता येतो. तिथे दिवसा ५० आणि रात्री ४०. कारवाई होऊ शकते. सिव्हिल हॉस्पिटलवरून जाताना काचा वर आणि आवाज खाली, एवढे कायद्याची वाट न बघता करावे. तुमच्या कानांचाही प्रश्न आहे: ८५ डेसिबल आठ तास ही धोक्याची रेषा मानतात आणि पुढे दर ३ डेसिबलला ती वेळ निम्मी होते.

१७. सगळं नवीन बसवलं, तरी आवाज उजवीकडूनच येतो. आणि वूफर लावल्यापासून बेस उलट कमी झालाय. असं कसं?

या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आपल्याकडे चालक उजवीकडे, त्यामुळे उजव्या दाराचा आवाज आधी पोचतो. दर ३४ सेंटिमीटरला सुमारे १ मिलिसेकंद लागतो. डावा स्पीकर कानापासून ६० सेंटिमीटर जास्त दूर असेल, तर स्टिरिओच्या किंवा डीएसपीच्या टाइम अलाइनमेंटमध्ये उजव्याला १.७–१.८ मिलिसेकंद उशीर द्या. ती सोय नसेल तर बॅलन्स एक-दोन अंश डावीकडे.

बेस कमी होण्यामागे बहुधा उलटी पोलॅरिटी असते. दारांचे कोन बाहेर येताना वूफरचा आत जात असेल, तर ८० हर्ट्झच्या आसपास दोघे एकमेकांना खोडतात. चालकाच्या सीटवर बसा, दुसऱ्या कुणाला अ‍ॅम्पवरचे फेज बटण ० वरून १८० वर करायला सांगा, आणि ज्या बाजूला बेस भरीव वाटेल तिथेच ते ठेवा. फेज बटण नसेल तर वूफरच्या दोन वायरींची अदलाबदल केली तरी तेच होते. दारांपैकी एखादा स्पीकर उलटा जोडला गेल्याची शंका असेल तर त्याची वायर अ‍ॅम्पपासून सोडवा आणि दीड व्होल्टचा सेल क्षणभर तिला टेकवा: सेलचे धन टोक स्पीकरच्या धन वायरीला लागल्यावर कोन बाहेर आला पाहिजे. ट्वीटरला ही चाचणी करू नका.